घरी बांधलेल्या जीपचं वायरिंग: रेडिमेड हार्नेस (गाडीच्या वायरींचा तयार जुडगा), इलेक्ट्रिशियन की स्वतः? तिन्ही करून बघितलं, त्याचा रिव्ह्यू

आधी गाडीबद्दल सांगतो म्हणजे पुढचं समजेल. महिंद्रा एमएम ५४०, १९८९ चं मॉडेल, प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. गडहिंग्लजकडच्या एका शेतकऱ्याकडून घेतली, आरसी चालू, कागदपत्रं क्लिअर, बाकी गाडी म्हणजे नुसता सांगाडा. बॉडी गंजून चाळण झालेली. दीड वर्ष घराच्या मागच्या शेडमध्ये मी आणि माझा एक दोस्त, दर शनिवार रविवार, चासी उघडी करून सँडब्लास्ट केली, प्रायमर, रंग, नवीन टब (बॉडीचा मुख्य पत्र्याचा भाग) बनवून घेतला, ब्रेक लाइन नवीन, पाटे नवीन, इंजिनचं काम तेवढं बाहेर केलं. इंजिन तेच, चासी तीच ठेवली कारण मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५२ चं (गाडीत बदल करण्याबद्दलचं) लफडं नको होतं आणि आरटीओत पुन्हा पासिंगला न्यायचीच होती. सगळं झालं आणि शेवटी अडलो ते वायरिंगवर.

बोल्ट चुकला तर खोलता येतो, रंग बिघडला तर घासता येतो. वायरिंगचं तसं नाही, ते चुकलं तर लगेच कळत नाही, सहा महिन्यांनी रात्री पावसात कळतं, आणि वाईट चुकलं तर गाडी पेटते. म्हणून मला भीती होती आणि म्हणून पहिल्यांदा मी सरळ माणूस लावला. तिथून सुरुवात करतो.

पहिला वायरिंगवाला कोण, कुठला, ते सांगत नाही. ओळखीतून आला, म्हणाला एका दिवसात गाडी चालू करून देतो, आणि खरंच एका दिवसात केली. संध्याकाळी हेडलाइट लागला, हॉर्न वाजला, मी खूश, पैसे दिले. दुसऱ्या दिवशी खाली वाकून बघितलं तेव्हा पोटात गोळा आला. सगळीकडे लाल वायर. हेडलाइट लाल, हॉर्न लाल, इंडिकेटर लाल, कुठली कुठं जाते ते त्यालाच माहीत. जॉइंट सगळे पिळून वर काळी टेप. हेडलाइटच्या लाइनला फ्यूजच नाही. इंजिनच्या बाजूनं डॅशबोर्डकडे येताना पत्र्याला जे भोक आहे त्यात रबर ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून बसवायची रबरी कडी) नाही, वायर सरळ पत्र्याच्या धारेवर टेकलेली. मी म्हटलं रविवारी बसून नीट करू, आणि शनिवारी शेडमध्ये इंजिन चालू ठेवून दोस्त क्लच अ‍ॅडजस्ट करत होता तेव्हा डॅशखालून धूर आला. धारेवर घासून इन्सुलेशन कापलं, बॉडीला शॉर्ट झालं, फ्यूज नाही म्हणून वायर मधोमध लाल होऊन वितळायला लागली. बॅटरीची टर्मिनल क्लिप मी त्या दिवशी हातानंच घट्ट केलेली होती, पाना लावला नव्हता, म्हणून ओढून काढता आली. पाना शोधत बसलो असतो तर शेड गेलं असतं, वर पत्रा आणि बाजूला वैरण आहे आमच्या.

त्या दिवशी मी सगळं वायरिंग कटरनं कापून बाहेर काढलं. एक फूट पण ठेवलं नाही.

मग रेडिमेड हार्नेस मागवलं. पुण्यात नाना पेठेत जुन्या महिंद्राचे पार्ट अजून मिळतात, तिथून ३,८०० ला आलं. याचा रिव्ह्यू प्रामाणिक द्यायचा तर वस्तू वाईट नाही. वायरचे रंग वेगवेगळे, कपलर (वायरी जोडायचे प्लग) चांगले, फॅक्टरीत क्रिम्प केलेल्या म्हणजे वायरवर दाबून बसवलेल्या पिना, मुख्य दोरा नीट गुंडाळलेला. तुमची बॉडी ओरिजिनल असेल, दिवे ओरिजिनल जागेवर असतील तर डोळे झाकून घ्या, दोन दिवसात बसेल. माझा टब नवीन, मागचे दिवे मी थोडे बाहेर आणि वर घेतलेत, टाकीची जागा बदललेली, त्यामुळे उजवीकडं मागं वायर फूटभर कमी पडली आणि डावीकडं हातभर जास्त. ते जोडून घेता येतं. पण मुख्य अडचण वेगळी होती. हे हार्नेस जुन्या डिझाइनप्रमाणे आहे, म्हणजे हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून आणि डिपरमधून (अप्पर-डिपर बदलायच्या स्विचमधून) जाणार, रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, आणि फ्यूज मोजकेच.

इथं थोडा हिशोब सांगतो कारण मला कुणी सांगितला नव्हता. ६०/५५ वॉटचा हॅलोजन बल्ब, दोन बल्ब अप्परवर म्हणजे १२० वॉट, बाराने भागा, दहा अँपियर. आता बॅटरीपासून स्विच, स्विचपासून डिपर, तिथून पुढं बल्ब, हा पाच मीटरचा तरी प्रवास. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर तेवढ्या लांबीत जवळपास पाऊण ते एक व्होल्ट वायरच खाते, वर जुना स्विच, जुना डिपर, कपलर. मी तात्पुरतं जोडून मोजलं तर बॅटरीवर १२.६ आणि बल्बच्या पिनवर १०.९. आणि हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीसेक टक्के पडतो. जुन्या जीपचे दिवे पिवळे म्हणून लोक जास्त वॉटचे बल्ब घालतात, मग करंट अजून वाढतो, वायर अजून तापते, स्विच वितळतो, आणि दोष जीपला देतात. बल्ब बदलायची गरजच नसते हो, दोन रिले घालायचे असतात.

म्हणजे हार्नेस अर्धं कामाचं होतं. आता स्वतः पूर्ण करायचं की परत माणूस शोधायचा? दोस्त म्हणाला स्वतः कर, इंटरनेटवर सगळं आहे. मी आठवडाभर वाचलं, मल्टिमीटर घेतला, आणि मला दोन गोष्टी लक्षात आल्या. सर्किट समजणं अवघड नाही. जीपमध्ये आहे काय? सेल्फ (स्टार्टर), डायनॅमो (खरं तर अल्टरनेटर, बॅटरी चार्ज करणारा), हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन चालू व्हायला आत तापणारे), हेडलाइट, पार्किंग, ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि हजार्ड, हॉर्न, वायपर, तीन मीटर, एक केबिन लॅम्प. हे मेकॅनिकल पंपाचं डिझेल आहे, माझ्या गाडीला इंजिन बंद करायला पण ओढायची केबल आहे, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. कागदावर काढायला एक रविवार पुरतो. अवघड आहे ते हाताचं काम. कुठली वायर कुठून न्यायची, सायलेन्सरपासून किती लांब, कुठं किती ढील सोडायची, थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) दाबल्यावर ती खरंच धरली का नुसती दिसायला धरली, हे वाचून येत नाही. ते कुणाच्या तरी शेजारी बसून शिकावं लागतं.

म्हणून तिसरा मार्ग काढला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक मामा आहेत, वय साठीच्या पुढं, आयुष्यभर ट्रॅक्टर, ट्रक आणि जीपचं वायरिंग. त्यांना मी सरळ सांगितलं, मामा, गाडी सोडून जाणार नाही, तुम्ही रोजावर माझ्या घरी या, मी शेजारी बसणार, हात माझे पण लागणार. बऱ्याच लोकांना हे आवडत नाही आणि मला वाटलं नाहीच म्हणतील. त्यांनी फक्त विचारलं, "नकाशा काढलाय काय?" मी वहीतला कागद दाखवला. चष्मा लावून दोन मिनिटं बघितला आणि म्हणाले, "डायनॅमोच्या बल्बची वायर कुठाय यात? त्याच्याशिवाय चार्जिंग उठणार नाही." मला वाटायचं तो लाल दिवा नुसता दाखवायला असतो. तो दिवा जळताना त्यातून जो थोडा करंट डायनॅमोला जातो त्यावर डायनॅमो जागा होतो. तिथं हौसेनं एलईडी लावला तर करंट पुरत नाही आणि गाडी चार्जिंग धरत नाही, लोक मग चांगला डायनॅमो बदलून बसतात. या एका वाक्यात माझे मामांचे पैसे वसूल झाले होते.

ते यायला मात्र वेळ लागला. ऊसाचा हंगाम सुरू झालेला, कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टर ट्रॉल्यांच्या मागच्या दिव्यांची कामं त्यांच्याकडं रांगेत, आणि फोन ते उचलत नाहीत, दुकानावर जाऊन उभं राहावं लागतं. मी तीन वेळा गेलो. अठरा दिवसांनी आले. ज्याला घाई आहे त्यानं हे धरून चालावं.

पहिल्या दिवशी एक पण वायर कापली नाही. सुतळीचा गुंडा घेतला आणि गाडीवर सुतळीच फिरवली. बॅटरीपासून फ्यूज बॉक्स, तिथून स्टिअरिंग, तिथून चासीच्या आतल्या बाजूनं मागं, प्रत्येक दिव्यापर्यंत, जिथं वळण तिथं गाठ, जिथं फांदी फुटते तिथं दुसरी सुतळी बांधलेली, आणि प्रत्येक टोकाला वीतभर जास्त. मग ती सगळी सुतळी तशीच उचलून शेडमध्ये प्लायवर पसरली, गाठींच्या जागी खिळे मारले, आणि हार्नेस त्या खिळ्यांवर तयार केलं, गाडीत नाही. गाडीखाली झोपून वर हात करून क्रिम्पिंग करायचं आणि टेबलावर बसून करायचं यात किती फरक पडतो ते करून बघा. मी दोन डझन व्हिडिओ बघितले होते, सुतळीचं कुणी सांगितलं नव्हतं.

वायर ऑटोचीच घेतली. घरात भरायची वायर स्वस्तात उरलेली असते म्हणून लोक वापरतात, तिचं कव्हर इंजिनजवळची उष्णता आणि ऑइल सोसायला बनवलेलं नसतं, कडक होऊन तडकतं. इंडिकेटर पार्किंगला एक चौरस, हेडलाइट आणि हॉर्नला अडीच, हीटर प्लगला त्याहून बरीच जाड कारण चार प्लग एकदम तापतात, आणि सेल्फची केबल ३५ ची. सेल्फच्या केबलला फ्यूज नसतो, डिझेल सेल्फ काही शे अँपियर ओढतो, म्हणून ती केबल कशाला घासली तर वाचवणारं काही नाही. तिला मामांनी जाड रबरी पाइप चढवला आणि क्लिपा मारल्या. हायड्रॉलिक प्रेसनं थिंबल दाबून आणले ते त्यांच्या दुकानातून. हे काम घरी हातोडीनं कुणी करू नये, मोठ्या केबलसाठी पैसे देऊन करून घ्या, शंभर दोनशे रुपयांत होतं.

फ्यूजचं पण एक समजून घ्या, फ्यूज बल्बला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. वायर किती सोसते त्यावर फ्यूज ठरतो. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. फ्यूज सारखा उडतो म्हणून हिरवा घातला म्हणजे वायरला फ्यूज करून ठेवलं. आम्ही डाव्या आणि उजव्या हेडलाइटला वेगळे फ्यूज दिले, अप्पर डिपर वेगळे, म्हणजे घाटात एक गेला तरी दुसरा जिवंत. रिलेचे नंबर पाठ झाले: ३० ला बॅटरी, ८७ ला बल्ब, ८५ आणि ८६ ला कॉइल. स्विचमधून आता पाव अँपियरच्या आतच करंट जातो. परत मोजलं, बल्बच्या पिनवर १२.२. तेच बल्ब, शेडच्या भिंतीवर पांढरा उजेड पडला तेव्हा दोस्त आणि मी दोघंही गप्प बसून बघत होतो.

अर्थचा (अर्थिंगचा, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जायच्या वाटेचा) किस्सा सांगितलाच पाहिजे. आपण चासी इतकी छान रंगवलेली की कुठंच अर्थ मिळेना. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटायचा. मी वायर तपासत बसलो, मामा म्हणाले मीटर लाव. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं दिव्याच्या अर्थच्या स्क्रूला, दिवा चालू. ०.९ व्होल्ट. म्हणजे परतीच्या वाटेवरच पाऊण एक व्होल्ट अडकलेलं. स्क्रूखालचा रंग खरवडून चमकदार पत्रा काढला, दातेरी वॉशर घातला, वर ग्रीस, आकडा ०.०७. नव्या रंगाच्या गाडीत अर्ध्या तक्रारी या एकाच कारणानं असतात असं ते म्हणाले आणि माझ्या गाडीत तरी तसंच निघालं. आता इंजिन ते चासी, चासी ते बॉडी, बॅटरी ते इंजिन, तिन्ही पट्ट्या वेगळ्या आहेत.

आमचं एका गोष्टीवर जमलं नाही. मामा सोल्डरवाले आहेत, प्रत्येक जॉइंट सोल्डर. माझं मत असं की हलणाऱ्या गाडीत सोल्डर वायरच्या तारांमध्ये वर चढतं, तिथं वायर कडक होते आणि जिथं कडकपणा संपतो तिथं हादऱ्यानं तुटते, त्यापेक्षा चांगल्या टूलनं केलेलं क्रिम्प बरं. मी २,२०० चं रॅचेटवालं क्रिम्पिंग टूल घेतलं होतं, जे पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही. मामांनी माझं क्रिम्प केलेलं थिंबल दोन्ही हातांनी ओढून बघितलं, सुटलं नाही, मग म्हणाले तुझ्या गाडीला तुझं. डॅशच्या आत जिथं वायर बांधून ठेवलीय तिथं त्यांचं सोल्डर, खाली चासीवर माझं क्रिम्प. आणि त्यांना काळी टेप फार आवडते, उन्हाळ्यात तिचा डिंक सुटतो, ती मी नंतर काढून बऱ्याच ठिकाणी स्लीव्ह घातली. या दोन गोष्टींचे मार्क कमी. एलईडी इंडिकेटरला पण ते हात लावत नाहीत, जुना फ्लॅशर (इंडिकेटर मिचकवणारा भाग) एलईडीवर भरभर मिचकतो किंवा मिचकतच नाही, त्यासाठी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मीच आणून बसवला.

मेन स्विच पण बसवला बॅटरीजवळ, त्या धुराच्या दिवसानंतर तो माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. फक्त इंजिन चालू असताना तो काढायचा नाही, डायनॅमोचा करंट जायला जागा राहत नाही आणि आतले डायोड उडू शकतात, ही ताकीद मामांनी चार वेळा दिली. आधी इंजिन बंद, मग स्विच. आग लागली तर गोष्ट वेगळी.

खर्च: मामा चार दिवस, रोज १,२०० प्रमाणे ४,८००. वायर, रिले, नवा फ्यूज बॉक्स, स्लीव्ह, थिंबल, ग्रोमेट मिळून साडेपाच हजार. टूल आणि मीटर ३,१०० पण ते माझ्याकडं राहिले. हार्नेसचे ३,८०० आधीच गेलेले, त्यातले कपलर आणि मीटरची लाइन वापरली, बाकी पडून आहे. पूर्ण काम बाहेर देण्याचं कोटेशन मला १५ ते १८ हजार मिळालं होतं. पैसे फारसे वाचले नाहीत हे खरं आहे. वेळ तर जास्तच गेला, मामा गेल्यावर पुढचे तीन आठवडे रोज रात्री दोन तास मी एकटा बसून बाकीचं पुरं केलं.

आता ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी माझं मत. साधं डिझेल, जुनी जीप, कॉम्प्युटर नसलेली गाडी, तर नकाशा तुम्हीच काढा आणि पहिले तीन चार दिवस जाणता माणूस शेजारी बसवा. गाडी सोडून येऊ नका, काम कितीही चांगलं झालं तरी नकाशा त्याच्या डोक्यात राहतो आणि गाडी तुमच्या घरी येते. गाडीत एमपीएफआय (कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल) जिप्सीचं वगैरे इंजिन टाकलं असेल, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), सेन्सर, तर इंजिनचं हार्नेस त्याच्या माहितगाराकडंच द्या, तिथं एका सेन्सरची अर्थ चुकली तर महिनाभर शोधत बसाल, दिवे आणि हॉर्न तेवढे स्वतः करा. कुणी इलेक्ट्रिक कन्व्हर्जन करत असेल तर ती मोठ्या व्होल्टेजची बाजू अजिबात घरी करू नका, तिथं चुकीला दुसरी संधी नाही.

आरटीओत दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर बघितले, पास झाली. जुलैत आंबोलीला नेली. चौकुळच्या फाट्याच्या अलीकडं धुकं, पाऊस, दोस्त मागच्या गाडीत होता, त्यानं हॉर्न मारून थांबवलं, तुझा उजवा टेललाइट गेलाय. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना मामांनी नंबरची स्लीव्ह घालायला लावली होती, नकाशा लॅमिनेट करून डॅशच्या खणात आहे. अकरा नंबर. फ्यूज ठीक, कपलर उघडला, पाणी शिरून पिन हिरवी झालेली, पुसली, परत दाबली, दिवा लागला, आठ दहा मिनिटं लागली असतील, टॉर्च त्या दोस्तानं धरला होता. घरी आल्यावर मागचे सगळे कपलर तोंड खाली करून बांधले आणि आत ग्रीस भरलं, ते मी आधीच करायला हवं होतं, तुम्ही करा.

मामांना मी पाचपैकी साडेचार देईन. गाठायचं असेल तर दसऱ्याच्या आधी गाठा, कारखाने चालू झाले की मार्चपर्यंत ते ट्रॉल्यांतून बाहेर येत नाहीत, आणि जाताना नकाशा काढून न्या, कोरा कागद घेऊन गेलात तर आधी तोच काढायला परत पाठवतील.